सतरंजीवरची वीणा

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी भर दुपारी माझ्या वहिनीनं गळ्यातली वीणा उतरवली आणि सतरंजीवर ठेवली.

सात दिवस वीणा जमिनीला लागू द्यायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आमच्या गावात दुपारचे दोन तास बायांचे असतात, कारण त्या वेळी पुरुष जेवून लोळलेले असतात.

मी घरी वाचत होतो. शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, पण अभ्यासक्रमात नसलेला इतिहास निवृत्तीनंतरच वाचायला मिळाला. त्या दिवसांत युरोपातल्या पाखंडी ठरवलेल्या लोकांचा नाद लागला होता. सातशे वर्षांपूर्वी तिकडे काही बाया मठात न जाता एकत्र राहायच्या. सूत कातायच्या, आजाऱ्यांची सेवा करायच्या. त्यांच्यातल्या काही म्हणू लागल्या की जीव देवात पुरता विरला की उपास, प्रार्थना, पुण्य, काहीच लागत नाही. धर्मसभेनं या मताचे आठ दोष काढले. शेवटचा दोष असा, की पूजेत देवाचं शरीर मानलेली भाकर उंच धरली जाते तेव्हा हे लोक उठून उभे राहत नाहीत. सकाळीच ते वाचून मी हसलो होतो. एवढ्यासाठी माणसं जाळायची?

तेवढ्यात पुतण्या धावत आला. "काका, चाला लवकर. आईनं वीणा खाली ठेवली."

देवळात समिती बसली होती. पदाधिकाऱ्यांना हाताच्या खुर्च्या, बाकीच्यांना बिनहाताच्या. सचिवाच्या मांडीवर रजिस्टर होतं. वहिनी खांबाला टेकून बसली होती. वीणा अजून सतरंजीवरच होती. खाली ठेवलेली वीणा उचलायचा नियम कुणालाच माहीत नव्हता. तशी वेळ कधी आलीच नव्हती.

मी जवळ जाऊन विचारलं, "वयनी, काहून ठेवली?"

"मंग कोनाले हाक मारू, भाऊजी?" घरातलं मीठ संपल्याचं सांगावं तशा आवाजात ती म्हणाली. "हाक मारनारी अन् ज्याले मारतो तो, असे दोघं कुठी राह्यले आता? एकच उरलं."

सकाळी पुस्तकात वाचलेलंच ती बोलत होती. ही बाई चौथी शिकलेली. तिनं कामरगावच्या बाजाराच्या पलीकडचं जग फारसं पाहिलेलं नव्हतं.

मागे बाया कुजबुजत होत्या. "डोये पाहा तिचे." "अवो, काल तं चांगल्या भाकरी थापत होती." "बाहेरचं लागलं असंन."

अध्यक्षांनी खांद्यावरची शाल सारखी केली. "गुरुजी, बाई शुद्धीवर असंन तं हा देवाचा अपमान हाये. नसंन तं बाधा हाये. तुमीच सांगा."

पुतण्यानं बाधा धरली होती. तिला झाडफुकीला न्यायला त्यानं जीप बोलावली होती. आमच्याकडे एक बाबा मिरच्यांची धुरी देतो आणि लिंबाच्या फोकानं झोडपून भूत काढतो. त्याच्या हातून परतलेली एक बाई मी पाहिली होती. तिचं भूत गेलं होतं, आणि बरीचशी तीही गेली होती.

मी वहिनीच्या कानाशी वाकलो. "चक्कर आली म्हना. एवढंच म्हना."

"खोटं कायले बोलू?" ती म्हणाली. "इतकं बरं मले कधीच वाटलं नोयतं."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मी सरळ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तिले चक्कर आली होती. परवापासून पोटात अन्न नाही तिच्या."

"थंडीच्या दिवसांत चक्कर, गुरुजी?" सचिव म्हणाला.

"चक्कर काय पंचांग पाहून येते का, बावा?"

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. रजिस्टरात लिहिलं गेलं की भोवळ आल्यामुळे वीणा हातून निसटली. सप्ताहाच्या बॅनरवर कीर्तनकार महाराजांच्या नावाआधी इतक्या पदव्या होत्या की नाव दुसऱ्या ओळीत गेलं होतं. त्यांनी गोमूत्र शिंपडून वीणा उचलायला सांगितली आणि सप्ताह एक दिवस वाढवला. जीप परत गेली. वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि चालत घरी गेली.

पुढचे कितीतरी दिवस मी स्वतःवर खूश होतो. मग त्याच पुस्तकात पॅरिसला जाळलेल्या एका बाईची हकिगत आली. तिनं पुस्तक लिहिलं होतं. चौकशीत दीड वर्ष तिनं शपथ घेतली नाही की उत्तर दिलं नाही. तिच्या पुस्तकातली वाक्यं एकवीस पंडितांनी तपासली. ते क्रूर होते, पण त्यांनी ती वाक्यं वाचली होती. बाई जे म्हणते ते तिला खरंच म्हणायचं आहे, हे ते धरून चालले होते. माझ्या वहिनीचं एक वाक्य होतं. ते मी पुसलं आणि तिथे माझं लिहिलं.

त्यानंतर देवळात कुणी ना कुणी तिच्या हातात लिंबूपाणी द्यायचं. "काकू, चक्कर तं नाई ना येत?" ती पिऊन टाकायची. वीणा तिला पुन्हा कुणी दिली नाही, तिनंही मागितली नाही. माझ्याशी बोलणं पहिल्यासारखंच राहिलं, पिकापाण्याचं, दुखण्याखुपण्याचं. दुपारी भोंग्यावर नामस्मरण सुरू झालं की मात्र मला वाचता येत नाही. एक नाम संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी जागा उरते, तिच्यात कुणीतरी शांत बसलेलं असतं. मी देव मानत नाही. त्यामुळे त्या जागेचं काय करायचं, ते मला कळत नाही.

यंदा पौषात वहिनीनं अंथरूण धरलं. मी गेलो तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा विचारलं, "वयनी, त्या दिवशी खरं काय झालं होतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चक्कर आली होती, भाऊजी."

चेहऱ्यावर ना हसू होतं ना राग. मला चहा घेऊन जायला सांगून तिनं कूस बदलली.

मी खोटं बोललो होतो, हे आजवर आम्हा दोघांना ठाऊक होतं. आता ते मला एकट्यानं ठाऊक ठेवायचं आहे.