दहापैकी सात धडे

७ सप्टेंबर २०२३, गुरुवार. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन. अगाथाताईंबरोबर पिलाटेस व्यायामाच्या पहिल्या धड्याला गेले. धडा पन्नास मिनिटांचा. त्यातली वीस मिनिटे नुसत्या विचारपुशीत गेली. येताना दोन नाशपाती घेतल्या. एक कच्ची निघाली.

अगाथाताईंचे खरे नाव प्यो बोंगिम. पण तेगू शहरातल्या आमच्या चर्चमध्ये आम्ही म्हाताऱ्या एकमेकींना बाप्तिस्म्याच्या नावानेच हाक मारतो. मी मोनिका. ताई ऐंशीच्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. दोघी एकाच नन्सच्या शाळेत शिकलो आणि गेली एकवीस वर्षे एकाच मजल्यावर समोरासमोर राहत आलो.

चौतीस वर्षे त्यांनी कापडबाजारात जमिनीवर बसून रजया शिवल्या. पाठ तिथेच वाकली. पण ‘दुखतंय’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शाळेत आम्ही दगडी फरशीवर गुडघे टेकून प्रार्थना करायचो, तेव्हा सिस्टर सांगत, दुखणे देवाला वाहावे, माणसांना सांगू नये. मी ते कधीच विसरून गेले. ताई नाही विसरल्या.

त्या जुलैत त्या न्हाणीघरात पडल्या. उठता येईना, म्हणून दुपारपर्यंत ओल्या फरशीवर तशाच पडून राहिल्या. मी दार ठोठावले तेव्हा आतून म्हणाल्या, जरा पडलेय, तुझं जेवण होऊ दे. सोलहून मुलगा दोंगसोक आला. त्याने दोनच वाटा ठेवल्या. रोज घरी मदतनीस बाई येणार असेल तर आईने इथे राहावे. नाहीतर वृद्धांच्या रुग्णालयात जावे, एका खोलीत सहा खाटा. मदतनीस सरकारकडून मिळते, पण तपासनीस घरी येऊन माणूस किती अडलेला आहे ते बघतो आणि मग ठरते. अर्ज केला. तपासनीस येईपर्यंत आई पुन्हा पडू नये म्हणून सुनेने पिलाटेसचे दहा धडे भेट दिले. एकट्याने घ्यायचे, शिक्षिका आणि आपण.

पहिल्या धड्याला जायचे म्हणून ताई आदल्या दिवशी केस कुरळे करून आल्या. शिक्षिकेचे नाव बोमी, वय एकोणतीस. ती ताईंना ‘आई’ म्हणे आणि ताई तिला ‘बाई’. तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे सक्तीचे. आधी एक कागद भरायचा, पूर्वी काय मोडले, काय कापले. मग रेघांच्या पडद्यापुढे उभे करून समोरून आणि बाजूने फोटो. बाजूचा फोटो बघून ताई म्हणाल्या, ही कोणाची सासू? त्यानंतर खाटेसारख्या एका सांगाड्यावर उताणे झोपायचे. पाठीखालची फळी स्प्रिंगांवर पुढे-मागे सरकते. बाईंसमोर पाय वर करून पडायचे, याचीच ताईंना पंधरा मिनिटे लाज वाटली. व्यायाम म्हणाल तर त्या दिवशी श्वास तेवढा झाला. बरगड्यांवर हात ठेवून नाकाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा.

निघताना बोमीने एकच नियम सांगितला. “आई, दुखलं तर सांगायचं. तुम्ही ठीक म्हणालात तर आतलं मला दिसत नाही.”

“ठीक आहे, बाई,” ताई म्हणाल्या.

सणाची सुट्टी वगळून सात गुरुवार झाले. चौथ्या धड्यात जमिनीवरून उठणे शिकवले: कुशीवर वळायचे, एक हात टेकायचा, श्वास सोडत एक गुडघा उभा करायचा. बोमी दर वेळी विचारी, दुखतंय का? दर वेळी तेच उत्तर. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर असे. मला ताईंच्या मानेवरचा घाम दिसायचा. मी बोलले नाही.

३१ ऑक्टोबरला तपासनीस आला. आदल्या दिवशी मीच त्यांचा निळा ब्लाउज इस्त्री केला, फरशी पुसली, फळे सोलून बशीत लावली. घरी पाहुणा येणार, तर घर आणि माणूस नीटनेटके नको? आमच्या वयाच्या कोणीही हेच केले असते. ठेंगण्या मेजाशी आम्ही जमिनीवर बसलो. अंघोळ स्वतः करता का, त्याने विचारले. करते. स्वयंपाक? करते. कुठे दुखतं? ठीक आहे. तो जायला उठला तेव्हा ताई कुशीवर वळल्या, हात टेकला, श्वास सोडला आणि आधाराशिवाय उभ्या राहिल्या. दारापर्यंत जाऊन कमरेतून वाकून त्यांनी त्याला निरोप दिला. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

दार लागले आणि ताईंनी चपलांचे कपाट धरले. तिथून त्यांना हलता येईना. डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढला. मणक्याला चीर होती. जुनी, बहुधा जुलैतली, आता वाढलेली.

बोमी घरी भेटायला आली तेव्हा खाटेशेजारी जमिनीवर बसली. “आई, सातही वेळा दुखत होतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही इतकं मन लावून शिकवत होतात. तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाई.”

बोमीने उठून ताईंचे पांघरूण नीट केले. नंतर जिन्यात मला म्हणाली की तिने पहिल्याच दिवशी हाडांचा फोटो मागायला हवा होता. मी तिला सांगायला हवे होते की मला घाम दिसत होता. तेही सांगितले नाही.

नोव्हेंबरच्या बावीस तारखेला पत्र आले. अर्जदार स्वतःची कामे स्वतः करू शकतात, सबब मदतनीस मंजूर नाही. ताईंनी ते भिंग लावून दोनदा वाचले आणि घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. मी दोंगसोकला फोनवर म्हटले, आता चीर दिसली आहे, पुन्हा अर्ज करता येतो.

“करता येतो, मावशी. पण तोवर ती परत पडली तर तुम्ही उचलाल का तिला?”

मी अठ्ठ्याहत्तरची आहे. माझे वजन त्रेचाळीस किलो. मी फोन ताईंच्या हातात दिला.

त्या म्हणाल्या, “ठीक आहे रे. तू म्हणशील तसं.”

त्याच आठवड्यात आमची वर्षाची किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, घालायची होती. ताईंनी खाटेवरून मिठाचे आणि तिखटाचे माप सांगितले, मी घातली. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दोंगसोक गाडी घेऊन आला. ताईंनी निळा ब्लाउज मागितला. पिशवीत जपमाळ, भिंग, चष्मा आणि ते ठिपक्यांचे मोजे. रुग्णालयातल्या फरशा गुळगुळीत असतील, म्हणाल्या. लिफ्टमध्ये शिरताना मी विचारले, “ताई, दुखतंय का हो?”

मुलगा लिफ्टचे बटण दाबून उभा होता. “खूप दुखतंय गं, मोनिका,” त्या म्हणाल्या. लिफ्टचे दार बंद झाले.

१ डिसेंबर २०२३, शुक्रवार. कडाक्याची थंडी, वारा नाही. अगाथाताईंच्या किमचीचे चार डबे माझ्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. माझे दोन वर सरकवले.