बद्द आवाजाची स्प्रिंग

दुपारच्या सुट्टीत डबा उघडला होता, तेवढ्यात वॉचमन आत आला. "संगीताताई, भाऊ गेले." महिना होऊन गेला, तरी मागून कुणी "भाऊ" म्हणून हाक मारली की हात थबकतो...

भाऊ म्हणजे तळेगावजवळच्या आमच्या आंबीच्या कारखान्याचे मालक. वडिवळे गावच्या भातशेतीतून आलेले. आम्ही एकच वस्तू बनवतो, लिफ्टच्या ब्रेकची स्प्रिंग. त्या एका वस्तूत देशात आमचा हात धरणारं कुणी नाही. तळेगावच्या रिक्षावाल्याला मात्र कारखान्याचं नाव सांगून अजून पत्ता समजत नाही. दुसरंही काही बनवा, असं कुणी सुचवलं की भाऊ म्हणत, "हीच अजून पुरती कुटं कळलीया?"

मी पॅकिंगला नवीन होते तेव्हाची गोष्ट. एक दिवस खोक्यात टाकताना काही स्प्रिंगांचा आवाज बद्द वाटला. चाचणीत पास झाल्यात, भर, असं सुपरवायझर म्हणाले. टेम्पो दारात उभा, आणि माझा हात पुढे जाईना. भाऊंनी येऊन विचारलं, "का गं थांबलीस?" मी घाबरत सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी एक स्प्रिंग फरशीवर टाकली, दुसरी टाकली, मग डोळे मिटून पुन्हा टाकली... "टेम्पो मोकळा पाठवा," एवढंच म्हणाले.

तपासल्यावर, ज्या तारेची स्प्रिंग वळतो त्या तारेतच बारीक चिरा निघाल्या. त्याच तारेचे काही खोके आधी गेले होते. लिफ्टवाल्या कंपनीची तक्रार नव्हती, म्हणून मॅनेजरांचं म्हणणं, गप्प बसू. "लिफ्टात माणसं असत्यात," भाऊ म्हणाले, आणि स्वतः पुण्याला जाऊन चूक सांगून आले. माल परत आला, ऑर्डर थांबली. पाच महिने आम्ही धास्तीत होतो, पण त्यांनी कुणालाच घरी बसवलं नाही. उलट आमच्यातल्या दोघा-दोघांना घेऊन लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या मागे हिंडले. लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, दुरुस्तीवाल्यांनी काढलेली जुनी स्प्रिंग भाऊंनी माझ्या हातात दिली. "बघ, कुटं थकलीया." मी शेवटच्या वेढ्यावर बोट ठेवलं. पुढच्या ठिकाणीही तोच वेढा झिजलेला. तो बदलून नवी स्प्रिंग केली, आणि तीच कंपनी ती मागायला आंबीला आली. मला त्यांनी तपासणीत घेतलं. "मशीनला कान न्हाईत, तुला हाईत."

तेराव्यानंतर भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, कारखान्यात आल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शेत त्यांनीच सांभाळलं होतं. मी त्यांच्या तळहातावर स्प्रिंग ठेवली.

"एवढीशीच?"

"व्हय, वहिनी."

"मला वाटायचं, लय मोटं काईतरी बनवत्यात." त्यांनी ती पदराने पुसून ट्रेमध्ये, बाकीच्यांच्या ओळीत, जपून ठेवली. "ऱ्हाऊ दे हितंच. कुणाच्या तरी लिफ्टला लागंल."