दादाच्या टाळ्या

मॅरेथॉनच्या शेवटच्या वळणावर, बॅरिकेडमागे चाकाच्या खुर्चीत बसलेला दादा मला दिसला. तो टाळ्या वाजवत होता. तळवे एकमेकांना टेकत होते, पण आवाज होण्याइतका जोर त्यांच्यात उरला नव्हता. मला धावायला त्यानेच शिकवलं. आता त्याचे स्नायू झिजत चाललेत आणि यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

त्या सकाळी मी माझा आधीचा वेळेचा विक्रम मोडला. गळ्यात मेडल घालून, धापा टाकत त्याच्यापाशी आले. आम्ही दोघं एकाच आईची. ज्या वर्षी माझे पाय हलके झाले, त्याच वर्षी त्याचे पाय त्याला उचलेनासे झाले. वेळ कमी केली म्हणजे नेमकं काय मिळवलं, हे त्याच्यासमोर उभं राहून मला सांगता आलं नसतं.

"दम लागला ना गं?" त्याने हसून विचारलं.

"खूप."

"मलाही लागतो हल्ली," तो म्हणाला, "जेवताना."

खुर्चीमागे उभ्या असलेल्या वहिनीने वाकून त्याच्या मानेमागची उशी सारखी केली. माझी धाप त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंड घट्ट मिटून घेतलं.