दोन पाण्यांचा काठ

रेवदंड्याहून निघालेल्या बोटीवर निकेशने मासे शोधायच्या यंत्रावर चहा सांडला आणि त्याला कायमचं गप्प केलं. डिझेल एकदाच जाळं टाकण्यापुरतं उरलेलं. जागा चुकली तर रिकामं परतायचं.

तुळशीराम नाखवा मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने बादलीने पाणी काढून, बाळाच्या आंघोळीचं बघावं तसं, कोपर बुडवत राहिले.

"निकेश, कोमट हाय रं! दर्यातल्या मोठ्या प्रवाहातून सुटलेला पाण्याचा भोवरा हाय, तालुक्याएवढा. प्रवाहापलीकडची ऊब घेऊन इथल्या थंड पाण्यात घुसलाय!"

"मग आत जाऊ, नाखवा?"

"आत काय आंघोळ करायचीय? काठावर टाक! दोन पाणी भिडतात तिथं मासा चरतो."

बांगड्यांनी जाळं असं भरलं की बोट कलली आणि निकेश नाचलाच. बर्फ पुरेना, म्हणून शेजारच्या बोटीकडून दोन टोपल्या बर्फ उसना घेतला. तो परत करायचा अजून राहिलाय.