आख्खी गोळी

लिथियमची गोळी मी चार वर्षं घेत होते. तिनं माझं मन ताळ्यावर आणलं होतं. पण या गोळीनं मेंदू हळूहळू जळतो, असं कुणीतरी आईच्या डोक्यात भरवलं. तिचं ऐकून ऐकून मीही घाबरले आणि गुपचूप अर्धीच गोळी घ्यायला लागले. दोन महिन्यांत चिडचिड वाढली, झोप उडाली. शेवटी आईच मला पौडला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं, "डॉक्टर, ह्या गोळ्यांनी हिचा मेंदू जळतुया व्हय?"

"उलट," डॉक्टर म्हणाले. "ताणानं मेंदूतल्या पेशींना इजा होते. हे औषध त्यांना तग धरायला मदत करत असावं, असं संशोधक म्हणतात. अजून पक्कं नाही. किडनी आणि थायरॉइडसाठी रक्त मात्र तपासत राहायचं."

तेव्हा मी अर्ध्या गोळीचं कबूल केलं. डॉक्टर रागावले नाहीत. रक्त तपासून त्यांनी पुन्हा पूर्ण गोळी लिहून दिली.

आम्ही एसटी स्टँडवर आलो. मग आई माझा हात धरून म्हणाली, "आता गोळी मीच देत जाईन तुला. आख्खी."

कित्येक दिवसांनी मला मोकळं हसू आलं.