अंग आंबतं तेव्हा

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी खुर्चीत बसताना दोन्ही हात टेकवून, डोळे मिटून, अगदी हळू खाली गेले, ते तुम्ही दोघांनी पाहिलंत. धाकट्याने विचारलं, "आजी, तू पडलीस का?" थोरली तर लगेच डॉक्टरांना दाखवलं का म्हणून चौकशी करू लागली. तेवढ्यात इथलं नेट गेलं आणि माझं उत्तर राहून गेलं. ते आता नीट लिहून पाठवते. आई वाचून दाखवील.

मी पडलेले नाही. माझं अंग आंबलं आहे. पीठ आंबतं, ताक आंबतं, तसं सवय नसलेलं काम केलं की अंगही आंबतं, असं आपल्याकडे म्हणतात. मांड्या जड होतात, दुखऱ्या होतात, बसताना जीव नकोसा होतो. तिथे थोरलीच्या शाळेत याला वेगळा शब्द असेल. पण या वयात असं कोणतं काम मी केलं, ते सांगायचं तर आधी तुमच्या एका दूरच्या बहिणीबद्दल सांगावं लागेल. ती माझ्या भावाची नात. तिचे वडील म्हणजे माझा भाचा, तो इचोड्याला राहतो आणि तहसील कार्यालयात लिपिक आहे. दहावी झाल्यावर इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, शिक्षणासाठी त्याने तिला आदिलाबादला माझ्याकडे ठेवलं.

ती आली तेव्हा मी तिच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले होते. एक पुरला. कपडे थोडे आणि मुलगी त्याहून थोडी. मनगट इतकं बारीक की घड्याळाच्या पट्ट्याला मोच्याकडून जास्तीचं भोक पाडून आणावं लागलं. इंग्रजी शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, वर्गात हडकुळ्या मुली पुष्कळ पाहिल्या, पण ही जिना चढताना पायऱ्यांवर आवाजच होत नसे.

अशा मुलीने वेटलिफ्टिंगला जायचं ठरवलं. कॉलेजात एक सर मुलींची निवड करत होते. तिने सहज काठी डोक्यावर धरून उकिडवं बसून दाखवलं आणि सरांनी तिला थांबवून घेतलं, कारण तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या नाहीत. घरी येऊन तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी नाही म्हणू शकले नाही. तिच्या वडिलांना मात्र पटवावं लागलं. फोनवर त्याने बराच वेळ घेतला. शेवटी हो म्हणाला, पण एक अट घातली. काही दुखलं-खुपलं तर त्याच दिवशी बंद.

ती अट तिने मनात अशी धरून ठेवली की दुखणं हीच लपवायची गोष्ट झाली.

आधी काही दिवस नुसती काठी, मग लोखंडी दांडी. दांडी घेऊन उठाबशा झाल्या त्या संध्याकाळी ती उड्या मारत घरी आली. दुसऱ्या दिवशी थोडी कुरकुर होती. तिसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती जिन्याच्या कठड्याला धरून पाठमोरी उतरत होती, शिडी उतरावी तशी. मी विचारलं तर म्हणाली, असंच, गंमत. मी काही कालची पोर नाही. तिला पलंगावर बसवलं, म्हणजे बसवायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर थांबली आणि मग धपकन खाली गेली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसतही होती.

"आजी, पप्पाले नका सांगू."

मी थर्मामीटर काढला. ताप नव्हता. गरम पाण्याने शेकलं, तेल लावलं, आणि आज कॉलेज नाही, मैदान नाही, पडून राहायचं असं सांगितलं. ती पडून राहायला तयार नव्हती. सरांनी सांगितलं होतं म्हणे, की स्नायू नव्या कामाला लागला की त्याला आतून बारीक बारीक इजा होते, ती भरून येते तेव्हा दुखतं, आणि भरून आला की तो आधीपेक्षा थोडा दणकट होतो. तोवर हलकं चालायचं-फिरायचं, पोटभर खायचं, झोपायचं. टोचल्यासारखं, एकाच जागी, सांध्यात दुखलं तर मात्र थांबायचं आणि सांगायचं. मी तिच्या मांडीवर दोन्ही बाजूंनी बोट दाबून पाहिलं. दुखणं सगळीकडे सारखं पसरलेलं होतं, दोन्ही पायांत.

तेव्हा मला माझी आई आठवली. तुमची पणजी. ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, तण काढायला जायची. पाऊस पडून निंदण लागलं की पहिले काही दिवस संध्याकाळी चुलीपुढे बसताना तिचे पाय असेच अर्ध्यावर अडायचे. अंग आंबलं, एवढंच म्हणायची आणि सकाळी पुन्हा जायची. मला ते तिचं गाऱ्हाणं वाटायचं. या मुलीच्या मांडीवर बोट ठेवलं तेव्हा कळलं की ती फक्त माहिती देत असायची.

मी भाच्याला फोन केला नाही. पण डब्यात भाकरी एकीच्या दोन केल्या. सोबत उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट वरण. मुलगी चिमणीसारखी खायची, ती आता ताटातलं संपवून पातेल्यात डोकावू लागली. शेजारणीला याची फार मजा वाटे. ती म्हणायची, "दांडी तू उचलतं का दांडी तुले उचलते वो?" मुलगी उत्तर द्यायची, "सध्या आमचं दोघींचं बोलणं चालू हाये."

मग आषाढी पौर्णिमा आली. वर्षावास सुरू होण्याचा दिवस, म्हणून भाचा आणि त्याची बायको इचोड्याहून आले. आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो. आदल्या संध्याकाळी सरांनी तिच्याकडून पुन्हा भरपूर उठाबशा करून घेतल्या होत्या, हे मला माहीत होतं आणि तिच्या वडिलांना माहीत नव्हतं.

वंदनेला गुडघ्यांवर बसून, हात आणि कपाळ जमिनीला टेकवून, तीनदा प्रणाम करायचा असतो. पहिला झाला. दुसऱ्याला ती जरा रेंगाळली. तिसऱ्याला खाली गेली ती गेलीच. आजूबाजूच्या बायका उठून बसल्या, त्रिशरण सुरू झालं, आणि ही कपाळ टेकवून तशीच. लोकांना वाटलं, केवढी श्रद्धा. मला वाटलं, संपलं. मी तिला हात द्यायला वाकले, तर माझे गुडघेही माझं ऐकेनात. एक म्हातारी आणि एक हडकुळी पोर, दोघी एकमेकींचे हात धरून जमिनीवर अडकून बसलो. मागून कोणीतरी बाई हळूच म्हणाली, "थांबा, क्रेन बोलावू." बायकांच्या रांगेत हसू पसरलं आणि त्यांतल्या दोघींनी आम्हाला काखेत हात घालून उठवलं.

पुरुषांच्या रांगेतला एक चेहरा हसला नव्हता.

घरी आल्यावर भाच्याने चहाला हात लावला नाही. मुलीला बॅग भरायला सांगितलं. इचोड्याहून रोज बसने ये-जा करील, पण हे बंद. त्याच्या बायकोने काही म्हणायचा प्रयत्न केला. मी सरांचं म्हणणं सांगितलं, स्नायू कसा भरतो ते समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं मुद्देसूद. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो कधी मोठ्या आवाजात बोलत नाही. म्हणाला,

"आत्या, आजीच्या टाळूवर केस काऊन नव्हते, तुम्ही विसरल्या काय?"

मी विसरले नव्हते. माझ्या आईच्या डोक्यावर मधोमध एक गोल जागा होती, जिथे केस उगवत नसत. कापसाची गाठोडी, गवताचे भारे, पाण्याचे हंडे, सगळं त्याच जागेवर ठेवलेलं. लहानपणी मी तिथे तेल लावायचे आणि मला वाटायचं की सगळ्यांच्याच आयांना अशी जागा असते. भाचा तिच्या मांडीवर वाढला. त्यानेही तिथे तेल लावलं होतं.

तो म्हणाला की आपल्या घरातल्या बायांच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून सगळे शिकले, तुम्ही शिकल्या, मी शिकलो, आणि आता ही हौसेने लोखंड उचलून राह्यली आणि चार लोकांत उठता येत नाही. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येईना.

बॅग भरण्याचा आवाज थांबला होता. मुलगी दारात आली, चौकटीला धरून.

"पप्पा, एक डाव पाहून घ्या. मंग तुम्ही म्हणसान तसं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिच्यासोबत गेलो. मैदानामागे पत्र्याचा एक हॉल आहे. आत गरम होतं आणि रबराचा वास येत होता. भाचा दाराशीच उभा राहिला, ऑफिसात साहेबांच्या खोलीबाहेर उभं राहावं तसा. सरांना आम्ही तिच्या पायांबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दांडीला दोन्ही बाजूंनी सगळ्यांत हलक्या रबरी चकत्या लावल्या. आज एवढंच, म्हणाले.

तिने हातांना पांढरी भुकटी लावली. दांडीजवळ गेली, वाकली. ती वाकताना मांड्या किती दुखत असतील ते मला माहीत होतं, तिचा ओठ दातांखाली होता. मग एका दमात दांडी छातीशी आली. ती तिथे थोडी थांबली, श्वास घेतला, आणि दांडी डोक्याच्या वर गेली. हात सरळ. ती काडीसारखी मुलगी त्या दांडीखाली हलत नव्हती. माझ्या लक्षात आलं की दांडी डोक्यावर टेकलेली नाही, डोक्याच्या बरीच वर आहे, आणि मधे हवा आहे.

सर म्हणाले, "डाउन." आणि तिने हात सोडले.

दांडी धाडकन खाली पडली, उसळली, पुन्हा पडली. भाचा दचकून दोन पावलं आत आला. पहिल्यांदा त्याने सरांकडे पाहिलं, ते रागावले का म्हणून. मग मुलीकडे.

"टाकलं काऊन?"

"टाकाचंच असते पप्पा. वर धरलं का झालं. मंग सोडून द्याचं."

"कोणी काही म्हणत नाही?"

"नाही. काऊन म्हणतीन?"

तो त्या दांडीकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकते, कारण तेच माझ्याही मनात होतं. डोक्यावरचा भारा एकट्याने उतरवता येत नाही. उचलून द्यायला एक हात लागतो आणि उतरवायलाही दुसऱ्याचा हात लागतो. बांधावरून येताना पाय लटपटले, मान अवघडली, तरी शेताच्या मालकाच्या खळ्यापर्यंत तो तसाच न्यायचा. वाटेत पडला आणि कापसाला माती लागली तर चारचौघांत ऐकून घ्यायचं. माझ्या आईने आयुष्यात काही धाडकन खाली टाकल्याचं मला आठवत नाही. ती ताटलीसुद्धा आवाज न करता ठेवायची.

"पुन्हा कर," भाचा म्हणाला.

सरांनी बोटाने एक दाखवलं, म्हणजे एकदाच. तिने पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. या वेळी तो दचकला नाही. आवाज पत्र्यांमध्ये घुमून विरेपर्यंत तो ऐकत उभा होता.

तिथे त्याने हो म्हटलं नाही. घरी येऊन जेवला, बायकोला घेऊन शेवटच्या बसने निघाला. बॅग अर्धी भरलेली तशीच पलंगावर होती. दारात चपला घालताना, वर न बघता, तो मुलीला म्हणाला,

"दुखलं तर सांगत जा. लपवू नको, बाप्पा."

मी ते ऐकलं आणि आत जाऊन बॅग रिकामी केली, कपडे घड्या घालून कप्प्यात ठेवले. पुढच्या आठवड्यात इचोड्याच्या बाजारातून शेंगदाण्यांची एक पिशवी आली. कंडक्टरच्या हाती पाठवलेली, तोंड सुतळीने पक्कं बांधलेलं. तेव्हापासून तो फोनवर आधी अभ्यासाचं विचारतो आणि मग, आवाज थोडा खाली आणून, आज कुठं दुखून राह्यलं ते विचारतो. ती सांगते, खांदा, पाठ, पोटऱ्या. तो ऐकतो आणि बरं म्हणतो.

ती अजूनही बारीकच आहे, फोटो पाहून फसू नका. पण मागच्या महिन्यात कॉलेजच्या कुडत्याच्या बाह्या दंडाला रुतू लागल्या म्हणून शिंप्याकडून त्यांची शिवण सोडवून आणली. परत येताना ती रिक्षात सारखा स्वतःचा दंड चाचपत होती, आणि मी पाहिलं की लगेच रिक्षाबाहेर बघायची. आता ती जिना चढली की पायऱ्या वाजतात.

आणि आता माझं. विहारात मला उठता आलं नव्हतं, हे ती विसरली नाही. एका सकाळी तिने स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि मला म्हणाली, आजी, हात न लावता उठा, हात न लावता बसा. मी म्हटलं, माझं वय बघ. ती म्हणाली, टाचा नका उचलू. डॉक्टरांना विचारून घेतलं, त्यांनी सावकाश करा म्हणून सांगितलं. सुरुवातीला ती समोर उभी राहून दोन्ही तळहात पुढे धरायची, धरायला नाही, पडले तर असावेत म्हणून. मागच्या शनिवारी तिने ते हात मागे घेतले आणि नेहमीपेक्षा जास्त करून घेतलं. सोमवारपर्यंत मांड्या आंबणार, हे तिने आधीच सांगितलं होतं. रविवारीच आंबल्या.

तर तुम्ही पाहिलंत ते हे. काळजी करू नका. आत्ता हे लिहीत असताना ती सकाळच्या सरावाहून आली आहे आणि जिन्याच्या तळाशी उभी राहून मला हाक मारते आहे, तिचे पाय आज वर चढायला तयार नाहीत. मी खाली जाते आहे, कठड्याला धरून, पाठमोरी.