जपूनरावांचं रक्षाकवच

रंगाच्या कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना सगळे जपूनराव म्हणत, कारण ते दिवसातून शंभरदा कुणाला ना कुणाला "जपून" म्हणत आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मिश्रण विभागात डोळे धुण्याचा नळ बसवा, हा त्यांचा अर्ज दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता.

रविवारी दुपारी मात्र, घरच्यांनी एकेक पात्र घेऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळात, जपूनराव जादूगार असत. थोरल्या बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, फासे पडायचे आणि भाऊजी गोष्ट पुढे न्यायचे. खेळात भाची चोर होती, शेजारचे दातांचे डॉक्टर तलवारबहाद्दर. आग, वीज, वादळ असे एकाहून एक मंत्र समोर असताना जपूनरावांनी निवडला तो एकच: रक्षाकवच.

"मामा, नुसतं झाकतच बसणार का?" भाचीनं कपाळाला हात लावला.

"बघू," मामा म्हणाले.

पहिल्याच लढाईत आग ओकणारा ड्रॅगन आला. डॉक्टर तलवार परजून पुढे झाले. जपूनरावांनी कवच घातलं, पण ते ड्रॅगनला.

"अहो, त्याला कशाला वाचवताय?" डॉक्टर वैतागले.

"कवचातून आग आरपार जात नाही असा नियम आहे. कुठल्या बाजूनं, ते लिहिलेलं नाही," जपूनराव म्हणाले.

भाऊजींनी पुस्तक तीनदा चाळलं, चष्मा पुसला आणि नाइलाजानं ड्रॅगनला त्याच्याच आगीत भाजून काढलं. पुढच्या रविवारी तेच कवच होडीसारखं उलटं करून तिघं नदी तरून गेले. मग भाऊजींनी इरेला पेटून असा राजा आणला, जो लढायचाच नाही, नुसत्या सभा घ्यायचा. जपूनरावांनी अख्ख्या दरबारावर कवच टाकलं आणि निर्णय होईपर्यंत कुणाला बाहेर सोडलं नाही. चहा यायच्या आत राजा शरण आला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मासिक सभा होती. अर्जावर सही लागणारे सहाही साहेब स्थानापन्न होताच जपूनराव दारात उभे राहिले.

"वायुगळतीचा सराव आहे. खिडक्या बंद, एसी बंद. शिट्टी होईपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. नियम आपणच मंजूर केलाय."

"शिट्टी कोण वाजवणार?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मीच."

"कधी?"

"सगळं सुरक्षित आहे अशी माझी खात्री पटली की." त्यांनी नळाचा अर्ज टेबलावर ठेवला. "तोवर यावर नजर टाका."

दहाव्या मिनिटाला टाय सैल झाले. अठराव्या मिनिटाला सहाही सह्या झाल्या. मग जपूनरावांनी शिट्टी वाजवली.

नळ बसला. मोठ्या साहेबांनी फीत कापली आणि ही कल्पना आपल्याला कशी सुचली ते सविस्तर सांगितलं. जपूनरावांना लेखी समज मिळाली: यापुढे सरावासाठी समितीची परवानगी लागेल, समिती यथावकाश नेमली जाईल.

दीड महिन्यानं मिश्रण विभागातल्या एका कामगाराच्या डोळ्यांत रसायन उडालं. सोबत्यांनी त्याला नळाखाली चांगली पंधरा मिनिटं धरून ठेवलं. आठवड्यानं तो कामावर आला, तो आधी जपूनरावांच्या खोलीत. डोळे अजून लाल होते. भिंतीवरच्या सूचनाफलकातली सगळ्यात खालची, बारीक ओळ त्यानं मोठ्यानं वाचून दाखवली आणि पाळीवर निघून गेला.

जपूनरावांनी खुर्ची फलकाकडे वळवली. ती ओळ त्यांना चष्म्यातूनही नीट वाचता येत नव्हती.